डिंकात वेलदोडा

मार्गशीर्षातलं दुपारचं ऊन मागच्या सोप्यात गुडघ्यापर्यंत आलं आहे. रविवारचं जेवण अंगावर आलेलं, त्यात पन्हाळ्याच्या रस्त्याकडून गुऱ्हाळाचा गोड धूर वाऱ्याबरोबर येतोय. अशा वेळी जागं राहणं माणसाचं काम नाही, पहारेकऱ्याचं आहे. मंदाकिनी चौगुले बाजेवर भिंतीला टेकून बसली आहे आणि आपण मुळीच झोपणार नाही असं स्वतःला बजावते आहे. बजावता बजावता तिची मान एकदा डावीकडे कलते, एकदा उजवीकडे.

झोपून चालणारच नाही. दिवेलागणीपर्यंत तिला एक उत्तर द्यायचं आहे.

मांडीवर येसूमामाची पेटी आहे. पेटी म्हणजे कॅमेरा. काळा, चौकोनी, पाठीला लाल काचेची बारकी खिडकी असलेला. त्या खिडकीतून रिळाच्या कागदावरचा आकडा दिसतो, म्हणजे कितवा फोटो चालू आहे ते कळतं. गेल्या चैत्रात मामा गेला तेव्हा खिडकीत आठाचा आकडा होता. रीळ आठच फोटोंचं. आज मार्गशीर्ष उजाडला, आकडा हललेला नाही.

कारण त्या शेवटच्या फोटोवर मंदाकिनीचा हक्क नाही. येसूमामाचा रिवाज होता, रिळातला शेवटचा फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा. सात फोटो जगाचे, आठवा आपला. सातवा झाला की मामा शेजारी असेल त्याच्या हातात पेटी द्यायचा, मग तो एसटीचा कंडक्टर असो नाहीतर मिसळवाला, आणि डोक्यावरची पांढरी टोपी नीट करून समोर उभा राहायचा. "दाबा की! भिताय काय, बंदूक न्हाई ती." असे मामाचे ट्रंकभर फोटो आहेत आणि एकातही मामा नाही. सगळे भर उन्हात काढलेले. टोपी पांढरीफेक, दात पांढरे, आणि टोपीच्या सावलीत तो मूळचाच काळासावळा चेहरा म्हणजे नुसता काजळीचा डाग. कुणी हसलं तर मामा म्हणायचा, "टोपीचा फोटो हाय तो. मी नुसता खाली हुबा हाय."

आता फोटो ज्याचा काढायचा तो माणूसच नाही. भिंतीचा काढून रीळ संपवावं, तर तिचा हात उठत नाही. शिवाय रीळ संपलं की पेटीही संपली. ह्या मापाची फिल्म आता कुणी बनवत नाही. मामा रुंद फिल्म अंधारात चाचपून कापायचा आणि जुन्याच कागदात गुंडाळायचा. तो कागद आता विरून गेलाय, आणि मामासारखं कापणं दुसऱ्या कुणाला जमत नाही. फिल्मवर फोटो काढणाऱ्यांच्या मंडळातल्या इरफान मुजावरनं एकदा करून पाहिलं होतं. मांजरानं कापली असती तरी त्याहून बरी कापली असती.

म्हणून तर आजच्या उत्तराला एवढं महत्त्व. लांबच्या एका थंड देशात फिल्म बनवणारा एक छोटा कारखाना आहे, त्यानं जगभरच्या फिल्मवाल्यांना प्रश्नावली धाडली आहे. अशा प्रश्नावल्या पूर्वीही यायच्या. तुमचं वय काय, वर्षाला किती रिळं काढता, फिल्म फ्रिजमध्ये ठेवता का, आमच्यावर तुमचा जीव एक ते दहात किती. मामा इरफानच्या शेजारी बसून प्रत्येक प्रश्नावली हौसेनं भरून घ्यायचा. जीव किती? अकरा. तुम्हाला काय हवं? माझ्या पेटीच्या मापाची फिल्म. आणखी काही सूचना? डिंकात वेलदोडा घाला.

हा डिंकाचा किस्सा असा. काढून झालेलं रीळ पेटीबाहेर घेतल्यावर उलगडू नये म्हणून त्याला कागदाची पट्टी असते, टोकाला डिंक लावलेली. ती जिभेनं ओली करायची आणि चिकटवायची. कंपन्यांचा कडू डिंक चाटून चाटून मामा वैतागला होता. म्हणून स्वतः गुंडाळलेल्या रिळांना तो बाभळीचा डिंक लावायचा आणि त्यात वेलदोडा कुटून घालायचा. देवाच्या प्रसादाला लागतो तसला, हिरवागार.

कारखान्याकडून कधी काही आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मामा म्हणायचा, "पाव्हण्याला इचारायचं काय जेवणार, आणि पानात कालचंच वाढायचं. पर इचारत्यात तरी! न इचारणाऱ्यापरास बरं."

ह्या वेळचा शेवटचा प्रश्न मात्र वेगळा आहे. एकच फिल्म मागा, जिला सगळ्यांत जास्त मतं पडतील ती आम्ही बनवू. कोल्हापूरच्या रीळमंडळात त्यावरून अशी जुंपली की चहा गार होऊन गेला. इरफानला तालमीतल्या अंधारात कुस्ती टिपणारी फिल्म हवी, डॉक्टर शिंद्यांना रंगीत स्लाइडची. शेवटी ठरलं की मंडळाची सगळी मतं एकाच मागणीला टाकायची, आणि मागणी मंदाताईनं सांगायची. ताई काय सांगणार हे सगळ्यांना ठाऊकच आहे. येसूमामाचं माप. इरफाननं तर लिहूनही ठेवलं असेल.

मंदाकिनीची स्वतःची एक मागणी आहे. ती तिनं कुणाला सांगितलेली नाही. मनात आली तरी तिला मामाच्या पाठीत सुरी खुपसल्यासारखं वाटतं.

मान पुन्हा एकदा कलते.

"मंदे, पाय घे जरा."

ती पाय घेते. बाजेच्या पायथ्याशी मामा टेकतो आणि बाज ओळखीची कुरकुरते. डोक्यावर टोपी, अंगात बाह्या दुमडलेला सदरा, नखं फोटो धुवायच्या हायपोनं पिवळी पडलेली. तिच्या मांडीवरची पेटी उचलून तो भिंगावर फुंकर मारतो, सदऱ्याच्या टोकानं पुसतो.

"मामा, अरे सदऱ्यानं पुसू नको, ओरखडे येतात."

"पन्नास वर्सं पुसतोय. आता व्हय यायचं?"

तिच्या छातीत असा आनंद उसळतो की तिला रडावं का ओरडावं कळत नाही. "मामा! तू गेलायस ना?"

"गेलोय की. म्हणून आलोय." पेटी उलटी करून तो लाल खिडकीत डोळा लावतो. "आठ! अजून आठच? काय करालाईस काय गं इतकं दिवस? फिल्म हाय ती, लोणचं न्हवं मुरत ठेवायला."

"तुझा फोटो आहे तो. मी कुणाचा काढू?"

मामा उठून कडी काढतो, आणि सोप्याचं दार त्याच्या जुन्या डार्करूममध्ये उघडतं. तांबडा दिवा, दोरीवर चिमट्यांना टांगलेले ओले फोटो, ॲसिडचा आंबूस वास. मंदाकिनीला पहिला फोटो धुवायला मामानं इथंच शिकवलं, तेव्हा तिला ट्रेपर्यंत पोचायला पाट लागायचा. तो पाट तिथंच आहे. ती वाकून दोरीखालून जाते, सरळ उभी राहते, आणि समोर गुऱ्हाळ चालू आहे.

चुलवाणात चिपाडं धडधडून पेटलीत. वर गाडीच्या चाकाएवढी काहील आहे. काहिलीत मात्र रस नाही, चांदी उकळते आहे. पांढरट, दाट, तिच्यावर साय धरल्यासारखी चमक. टोकाला फावडं लावलेल्या लांब दांड्यानं ती ढवळतोय कोण, तर एक गोरापान टकला साहेब. वर पांढरा कोट आणि खाली धोतर.

"मामा, ही फिल्मवर लावतात ती चांदी? आणि अशी उजेडात?" तिचा जीव वरखाली होतो. "धुरकटेल ना सगळी!"

"हिकडं उजेड इचारून आत येतो," मामा म्हणतो.

साहेब मान वर करून तिच्याकडं बघतो आणि चक्क कोल्हापुरीत विचारतो, "आलासा? बसा. आमच्यावर जीव किती, एक ते दहात?"

"अकरा," मंदाकिनी म्हणते आणि जीभ चावते.

"बघा! मामा-भाच्यांचं एकच." साहेब खूश होऊन फावड्यानं मळी काढतो. "काय पायजे ते निवांत बघून घ्या. लोकांनी जे जे मागितलं ते समदं हितं हाय. एक बी मागणी टाकून दिल्याली न्हाई. बनवायचं तेवढं राह्यलंय."

आणि खरंच, आढ्यापर्यंत गुळाच्या ढेपा रचाव्यात तशी पुडकी रचलेली आहेत. चंदेरी कागदातली, प्रत्येकाला चिठ्ठी. मंदाकिनी हावऱ्यासारखी वाचत सुटते. कॅमेऱ्याचं झाकण चुकून उघडलं तरी माफ करणारी फिल्म. भिंगावरचं बूच काढायचं राहिलं तर खाकरणारी फिल्म. फ्रिजमध्ये पिठाच्या डब्यामागं ठेवली तरी बायको काही बोलणार नाही अशी फिल्म.

"ही कुणी मागितली?"

"हिला लई मतं हाइत," साहेब म्हणतो. "सगळ्या देशांतनं."

ती इतकी हसते की तिला काहिलीच्या कठड्याला धरावं लागतं. कठडा गार आहे. खालच्या थरात आणखी पुडकी आहेत. आत रीळच बसवलेलं नाही हे छत्तीस फोटो काढायच्या आधी सांगणारी फिल्म. ही नक्की डॉक्टर शिंद्यांची, त्यांनी मुलीच्या बारशाला तोच घोळ घातला होता आणि अजून बायकोला सांगितलेलं नाही. घामाचा वास येणारी फिल्म, तालमीसाठी, हा इरफान. कोपऱ्यात एक अख्खी थप्पी एकाच अक्षरातली आहे. तेच माप, तेच माप, पुन्हा तेच माप.

"ही सगळी एकट्या माणसाची," साहेब म्हणतो आणि अदबीनं मामाकडं बघतो.

मामा टोपी नीट करतो. लाजलाय.

मंदाकिनी त्या थप्पीवरून हात फिरवते. एवढी वर्षं मागत राहिलेला माणूस, आणि ती आज एका शब्दानं ती थप्पी खरी करू शकते. ती साहेबाच्या पुढ्यात जाऊन उभी राहते. "लिहा साहेब. कोल्हापूरच्या मंडळाची सगळी मतं. येसूमामाच्या मापाची..."

"थांब गं!" मामा तिचा दंड धरतो. हात उबदार आहे, हे तिला मागाहून जाणवतं. "माझ्या मापाची घिऊन मी काय करू? हितं मला पेटी न्हाई. पेटी तुझ्याजवळ."

"पण तू आयुष्यभर हेच मागितलंस."

"मला पायजे हुतं म्हणून मागितलं. तू तुला पायजे ते माग की. मेलेल्या माणसाचं जेवण वाढून घितलंस तर ताटावरनं उपाशी उठशील." मग आवाज खाली आणून, लाडानं, "सांग. कवापास्नं पोटात ठेवलीयास?"

ऊस. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला, तुऱ्यावर आलेला ऊस, आणि मधल्या पाटाच्या बांधावर ती दोघं उभी आहेत. गुऱ्हाळाचा धूर लांब मागं राहिलाय. ऊन डोक्यावर, लख्ख. पाटातलं पाणी वर वाहतंय, चढाला, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही.

"मला उन्हाची फिल्म पाहिजे," ती म्हणते. एकदा तोंड उघडल्यावर थांबवत नाही. "आपल्या उन्हाची. हे सगळे फिल्म बनवतात त्यांच्या ढगांसाठी, त्यांच्या गोऱ्या तोंडांसाठी. आपल्याकडं नवरदेवाचा फेटा येतो तर नवरा येत नाही. ऊसतोडीच्या बाईचं पातळ येतं, तिचं तोंड येत नाही. मी उजेड मोजून दमले मामा. चेहऱ्यासाठी उजेड वाढवावा तर फेटा जळून जातो. मला अशी फिल्म पाहिजे, पांढरा फेटा नि त्याखालचा काळा चेहरा, दोन्ही जिवंत राहतील. एका फोटोत. भर दुपारी."

मामा मग हळूच टोपीच्या काठाला हात लावतो.

"म्हंजे मी येईन?"

आत्ता कुठं तिला उलगडतं. एवढे महिने मनात जपलेली मागणी तिला वाटत होती तिची एकटीची. ट्रंकेतले ते सगळे फोटो, टोपी आणि दात, टोपी आणि दात. ते बघत बघतच ती मोठी झाली होती. आणखी कुणासाठी मागणार होती ती?

"येशील," ती म्हणते. डोळ्यांना धारा लागल्यात आणि तोंडभर हसू आहे. "अख्खा येशील."

"मग आधी ह्यो संपीव." मामा पेटी तिच्या हातात देतो आणि दोन पावलं मागं सरतो. टोपी नीट करतो. मग काय वाटतं कोण जाणे, टोपी काढून काखेत धरतो. मंदाकिनीनं मामाचं कपाळ उन्हात कधी पाहिलेलं नाही. रुंद आहे, मध्ये आईच्या कपाळासारखीच एक आडवी रेघ.

"अरे, टोपी?"

"तुजी फिल्म येईस्तवर असंच भागवून घे. दाब की! भितीस काय?"

"बंदूक नाही ती," ती म्हणते, आणि दाबते.

पेटीची कळ 'टक्' करून वाजते. एवढाच आवाज, पण उसातले सगळे पक्षी एकदम उठतात. ती चावी फिरवत राहते, कागद आत सरकत राहतो, आणि मामा तिच्याजवळ येऊन चिकटवायची पट्टी तिच्या तोंडापुढं धरतो. लहानपणी औषध द्यायचा तशी.

"चाट."

ती जीभ लावते. हिरवागार वेलदोडा.

"त्या सायबाला सांग," मामा म्हणतो, आवाज उसाच्या आतून आल्यासारखा, "बाकीचं काय बी करू दे. एवढं तरी..."

फोन वाजतोय.

मंदाकिनी डोळे उघडते. ऊन गुडघ्यावरून खाली उतरून बाजेच्या पायाशी गेलंय. गालाला भिंतीचा चुना, पदराला लाळ. पेटी मांडीवर आहे, तिच्या दोन्ही हातांत, भिंग बाजेच्या पायथ्याकडं रोखलेलं. पायथ्याशी कुणी नाही. ती फोन कानाला लावते.

"ताई, दिवं लागाय आल्यात," इरफान घाईघाईनं म्हणतो. "मामांच्या मापाचं लिहून ठिवलंय मी. धाडू न्हवं?"

"थांब जरा."

ती पेटी उलटी करते. लाल खिडकीत आठाचा आकडा नाही. कुठलाच आकडा नाही, नुसतं काळं. ती चावी फिरवून बघते, चावी सैल फिरते. म्हणजे कागद पुरा सरकून गेलाय, रीळ संपलंय. झोपेत बोट पडलं असेल, हात आपोआप चावी फिरवत राहिले असतील. हातांना हे काम वर्षानुवर्षं ठाऊक आहे. एवढं ती स्वतःला समजावू शकते. ती कोपऱ्याच्या सावलीत जाते, फोन खांद्यात धरून, आणि पेटीचं झाकण उघडते.

रीळ गच्च गुंडाळलेलं आहे. वरून पट्टी बसलेली आहे, सरळ, मामा लावायचा तशी. ती अंगठा फिरवते. पट्टीचं टोक ओलं आहे.

"ताई? हायसा न्हवं?"

"आहे," मंदाकिनी म्हणते. तिला हसू येतंय. "ते मापाचं खोडून टाक. लिही, आम्हाला आमच्या उन्हाची फिल्म पाहिजे. पांढऱ्या टोपीखालचा काळा चेहरा दिसेल अशी."

पलीकडून मग इरफान सावकाश म्हणतो, "टोपीखालचा. व्हय ताई. लिवतो." ट्रंकेतले फोटो त्यानंही पाहिलेत. "आणि खाली आणखी काय सूचना म्हणून हाय. ते मोकळं ठेवू?"

मंदाकिनी रीळ मुठीत मिटते आणि जीभ दातांवरून फिरवते. दुपारच्या जेवणात पिठलं होतं, भाकरी होती, ठेचा होता.

"मोकळं नको," ती म्हणते. "दर वेळचंच लिही."